दोनदा घासलेली बाटली

आमच्या घरी दुकानातून नवीन भांडं आलं की ते सरळ मोरीत जायचं. स्टीलचा पेला असो, प्लास्टिकचा डबा असो की माझी शाळेची पाण्याची बाटली, आई ते घासल्याशिवाय कुणाच्या हातात देत नसे. "कोना-कोनाच्या हातातून आलं असन ते," असं म्हणायची. मलकापुरात बोअरचं पाणी खारं. नळ कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे भांडी खाऱ्या पाण्यावरच व्हायची. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. फेस आला नाही म्हणजे भांडं निघालं नाही, असा आईचा हिशेब. मग ती आणखी साबण घ्यायची. धुताना मात्र पाणी जपून, कारण पाणी पुरवायचं असे. आमच्या घरच्या पेल्यांना साबणाचा हलका वास असायचा. लहानपणी मला तो स्वच्छतेचाच वास वाटायचा.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. प्रथिनांवर. रक्तात, लघवीत, पेशींमध्ये कुठली प्रथिनं आहेत आणि किती आहेत, हे एका मोठ्या मशीनवर मोजायचं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, कॉलेजही तसंच, त्यामुळे हे काम मला इंग्रजीत सांगता येतं. मराठीत सांगायला लागलं की मी दुसऱ्याच वाक्यात अडकते. मुळात मी कमी बोलणारी. प्रयोगशाळेत पहिले काही महिने माझा आवाज कसा आहे हे फार जणांना माहीत नव्हतं. घरचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलत असे.

एका उन्हाळ्यात घरी गेले असताना आई मागच्या दारात सूप घेऊन मूग पाखडत बसली होती.

"तू तिथं करून काय राह्यली ते तरी सांग एकदा," ती म्हणाली. "शेजारची काकू सारखी विचारते. मी म्हंते, मशीनवर असते. तिले वाटते गिरणीवर बसते."

मी प्रयत्न केला. प्रथिनं म्हणजे लांबच लांब साखळ्या. त्यांचे आम्ही तुकडे करतो. मग एका बारीक सुईतून त्यांची फवारणी करायची, त्यात त्या तुकड्यांवर विजेचा भार चढतो, आणि मशीन त्यांचं वजन करतं. पण पुष्कळ तुकड्यांचं वजन जवळपास सारखंच असतं, ते एकमेकांत मिसळून जातात. म्हणून वजन करायच्या आधी त्यांना एका छोट्या बोगद्यात अडवतात. तिथे वारा त्यांना पुढे ढकलतो आणि वीज मागे धरून ठेवते. मग वीज हळूहळू सैल करायची. जे पसरट, मोठ्या घेराचे ते आधी सुटतात. जे आवळलेले ते नंतर. वजन सारखं असलं तरी वाऱ्यात प्रत्येकाचं वागणं वेगळं.

आईने सुपावर एक फटका मारला. फोलपटं उडाली, मूग मागे सरकले, खडे एका कोपऱ्यात जमले.

"असंच ना?"

"साधारण असंच."

"एवढ्यासाठी पुन्याले गेली? घरी सांगतली असती तर सूप घेऊन देल्लं असतं."

ती हसली, मीही हसले. नंतर उठताना तिने भिंतीचा आधार घेतला. तिचे पाय सुजलेले होते. पैंजण काढून ठेवल्याची पांढरी खूण घोट्यावर रुतलेली दिसत होती. मी विचारलं तर म्हणाली, उन्हाळ्याचं होते असं.

बाबा कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत कारकून. त्यांनी सुट्टी टाकली आणि आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, लघवीला फेस येतो का? आई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "येते. पन आमच्या घरी संडास-मोरी मी रोज साबनानं धुते ना. त्याचाच असन म्हटलं." किती दिवसांपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने नीट आठवून सांगायचा प्रयत्न केला. मागची दिवाळी, कदाचित त्याच्याही आधी.

किडन्या गेल्या होत्या. पूर्ण नाही, पण जवळपास.

त्याच सुमाराला आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या किडनीच्या रुग्णांचे नमुने गोळा करायचं ठरवलं होतं. हे आईमुळे नव्हतं; त्यांच्या डोक्यात ते माझ्या आधीपासून होतं. लघवीत कुठली प्रथिनं लवकर सांडायला लागतात हे कळलं, तर फेस दिसायच्याही आधी आजार ओळखता येईल, अशी कल्पना. मी मलकापूरची, म्हणून मला बरोबर घ्यायचं ठरलं. मी मॅडमना आईबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईंची इच्छा असेल तर त्याही देऊ देत. पण बाटलीवर नाव नाही, सगळ्यांसारखाच कोड. त्यांच्या बाटलीला तू हात लावायचा नाही, आणि आदल्या दिवशी घरीही राहायचं नाहीस. चालेल?"

चालेल म्हटलं.

आईची इच्छा होतीच. आजारापेक्षा या गोष्टीचंच तिला जास्त कौतुक होतं. तिने आजवर माझ्या शिक्षणाच्या कुठल्याच कामात हात घातला नव्हता. शाळेत पालकांची सभा असली की बाबा जायचे, कारण तिथे बाई इंग्रजीत बोलायच्या. "आता माहं काही तरी तुह्या कामात येईन," ती फोनवर म्हणाली. "बिघडलेलं का असेना."

शिबिर आमच्याच भागातल्या नगरपालिकेच्या शाळेत होतं. सकाळची पहिली लघवी हवी असते, म्हणून आदल्या संध्याकाळी आशा ताईंनी घरोघरी बाटल्या वाटल्या. बाटली आतून जंतुविरहित आहे, झाकण फक्त सकाळी उघडायचं, धुवायची नाही, हे त्या प्रत्येक दारात सांगत होत्या. मी ते स्वतः ऐकलं नाही. मी टीमबरोबर लॉजवर लेबलं चिकटवत होते. पण त्या नीट सांगणाऱ्या बाई होत्या, त्यांनी सांगितलंच असणार.

सकाळी मी दुसऱ्या टोकाच्या टेबलावर प्रश्न विचारायला बसले. पाणी कुठलं पिता, किती वर्षांपासून, घरात आणखी कुणाला आहे का. शेजारची काकू माझ्यासमोर आली. तिलाही तोच आजार, आईपेक्षा कमी. मी विचारलं, "आपण पिण्यासाठी कोणत्या स्रोताचं पाणी वापरता?"

"काय वं पोरी," काकू मोठ्याने म्हणाली, "बातम्यावानी काऊन बोलून राह्यली? नाकाचा शेंबूड पुसला म्या तुह्या. आपन म्हने!"

रांगेतल्या बायका हसल्या. मी पुढच्या प्रश्नावर बोट ठेवलं.

तिच्या मागे आई उभी होती. तिने इस्त्रीची साडी नेसली होती, आणि बाटली डब्याच्या कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. तिला माहीत होतं की मी ओळख दाखवायची नाही. ती माझ्याकडे बघून अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मॅडम, नाव-गाव तुमच्याकडं सांगू का त्या मॅडमकडं?"

"तिकडे," मी म्हटलं.

"बरं मॅडम." आणि पिशवी छातीशी धरून पलीकडच्या टेबलाकडे गेली. तिथे तिने बाटली अशी ठेवली जशी एखाद्याच्या घरी हळदीकुंकवाला नेलेली वस्तू ठेवतात, दोन्ही हातांनी. "रिकामी झाली की बाटली परत येते का वं?" तिने विचारलेलं मला ऐकू आलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "चांगली होती, मिरे ठेवाले बरी."

नमुने बर्फात ठेवून पुण्याला गेले आणि फ्रीजरमध्ये बंद झाले. ते एकेक करून चालवत नाहीत. सगळे तयार झाले की एकाच खेपेला, एकाच अवस्थेत असलेल्या मशीनवर लागोपाठ चालवायचे, म्हणजे एकमेकांशी ताडून बघता येतात. आमच्या आधी दुसऱ्यांचे नंबर होते, मग मशीनचा एक भाग बाहेरून यायचा होता. दर फोनला आई विचारायची, "माही बाटली लागली का?"

"अजून नाही."

"काऊन? खराब तं नाही होत?"

"नाही. ती गोठलेली आहे. काही होत नाही तिला."

दरम्यान तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा बाबा तिला रेल्वेने अकोल्याला न्यायचे. मी रजा काढून गेले होते तेव्हा एकदा तिच्या खाटेशेजारी बसले होते. नळ्यांमधून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. ती त्या मशीनकडे बराच वेळ बघत होती.

"हेही पाखडूनच राह्यलं म्हना," ती म्हणाली. मग एकदम आठवून, थोडी खुशीत: "तुले सांगाचंच राह्यलं. त्या बाटल्या, म्या घासल्या होत्या. ते आशा ताई म्हने धुवू नका. मी म्हटलं, सांगतेत तसं. पोरीच्या हापिसात जाचं, मोठमोठे लोक पाहातीन, अन् न धुतलेली बाटली देऊ? काकूची बी मीच घासली. तिची एकदा. माही दोनदा."

मी तिच्या हातावरचा चिकटपट्टीचा सुटलेला कोपरा दाबून बसवला. "बरं," म्हटलं.

पुण्याला परत आल्यावर मी मॅडमना सांगितलं की दोनेक बाटल्या साबणाने धुतल्या गेल्या असाव्यात. कुणाच्या ते सांगितलं नाही. कोडांमुळे सांगून उपयोगही नव्हता. नवीन नमुना मागायची वेळ निघून गेली होती. डायलिसिसनंतरची लघवी ही वेगळीच गोष्ट असते, आणि आईला तर आता ती जवळपास होतच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "बघू. चालवल्यावर दिसेलच. साबण असला तरी वाऱ्यात वेगळा होतो."

मीही तेच धरून होते. साबण वाऱ्यात वेगळा होतो.

तुरीला शेंगा धरल्या होत्या तेव्हा आई गेली. गाडीत मला सगळीकडे तुरीची शेतं दिसत होती म्हणून एवढं लक्षात आहे. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. शेजारची काकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन रोज यायची, ओट्यावर ठेवायची. शेवटच्या दिवशी तिचा डबा मी घासला. रिकामा डबा परत देऊ नये असं आई म्हणायची. त्यात काय घालावं ते मला सुचेना. मी मोरीत उभी राहून बराच वेळ तो डबा विसळत राहिले, खारं पाणी त्याच्यावरून नुसतं ओघळत होतं.

मी कामावर परतले, आणि काही आठवड्यांनी आमचा नंबर लागला.

स्क्रीनवर एकेक नमुना चित्रासारखा उमटतो. आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर वाऱ्यातलं वागणं. प्रथिनांचे तुकडे बहुतेक दोन-तीन भार घेऊन येतात, त्यांचा ठिपक्याठिपक्यांचा ढग खाली तिरका पसरतो. साबण एकाच भाराचा असतो. तो त्याच्या वर, वेगळ्या रेषेत येतो, शिडीसारखा, आणि दोन पायऱ्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी तेवढंच. सजीवातून आलेलं काही इतकं नेमकं नसतं, म्हणून तो चटकन ओळखता येतो.

पुष्कळ नमुने स्वच्छ गेले. मग एका नमुन्यात ती शिडी दिसली. फिकट, पण स्पष्ट. खाली ढग होता, बऱ्यापैकी दाट. मी मनात म्हटलं, काकू.

दुसरी शिडी त्यानंतर थोड्या वेळाने आली. ती फिकट नव्हती. वरचा सगळा पट्टा तिने उजळून टाकला होता, आणि खाली, जिथे ढग असायला हवा होता, तिथे विरळ ठिपके होते.

मी खुर्ची पुढे ओढली. वरचा पट्टा बाजूला काढून फक्त खालचा भाग मोठा केला. हेच तर या मशीनचं काम, साबण एकीकडे, माणूस एकीकडे. साबण अगदी सुबक वेगळा झाला होता. पण माणूस फारसा उरला नव्हता. याचं कारण मला माहीत होतं, मीच ते नवीन मुलांना सांगत असे. बोगद्याच्या आधी ती सुई असते. तिथे सगळे एकदम भार घ्यायला धावतात, आणि साबण जास्त असला तर सगळा भार तोच घेऊन जातो. ज्या तुकड्यांना भार मिळाला नाही ते मशीनच्या आत शिरतच नाहीत. वारा जे आत आलं त्यालाच पाखडू शकतो. जे दारातच राहिलं त्याचं काही करता येत नाही.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "बापरे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी अख्खी वडीच घातलीय."

"दोन्ही परत चालवू का?" मी विचारलं. "आधी साबण काढायचा प्रयत्न करून. राहिलेला नमुना आहे थोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चालव. पण दोन्हींना सारखीच पद्धत, सारखीच अट. आणि हे एकदाच."

मी दोन्ही नमुने साबण अडवणाऱ्या, गाळणीसारख्या एका स्तंभातून घातले. साबण काढताना थोडी प्रथिनंही जातात, ते ठाऊक होतं. राहिलेलं सगळं वापरलं, फ्रीजरमधल्या त्या दोन नळ्या रिकाम्या झाल्या. रिकामी नळी कचऱ्याच्या डब्यात टाकताना मला मिऱ्यांची आठवण झाली.

काकूचा नमुना सुधारला. शिडी जवळजवळ गेली, ढग भरला. दुसऱ्यात शिडी निम्मी झाली, आणि ठिपके थोडे वाढले. थोडेच. मी ते एकेक तपासले. लघवीत जे सगळ्यांच्याच सापडतं तेवढंच ओळखू येत होतं. जे आम्ही शोधत होतो, आजाराबद्दल काही सांगेल असं, त्यातलं काही धरून ठेवण्यासारखं नव्हतं.

आमची अट आधीपासून ठरलेली होती, कामाला सुरुवात करतानाच. अमुक इतकं ओळखता आलं नाही तर नमुना बाहेर. एकासाठी ती वाकवली तर बाकीच्या सगळ्यांच्या आकड्यांना अर्थ राहत नाही. मॅडम काही बोलायच्या आत मी त्या कोडसमोर 'वगळला' असं लिहिलं. कारण: साबण.

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

"हो."

त्या गेल्यावर मी ते चित्र पुन्हा उघडलं. वरच्या पट्ट्यातली ती शिडी बघत बसले. अगदी सरळ, अगदी सारखी, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. आईच्या हातचं एवढं स्वच्छ काम मी आधी कधी असं समोर मांडलेलं पाहिलं नव्हतं. आईबद्दल त्या मशीनला जे सांगता आलं ते एवढंच होतं, की तिने बाटली दोनदा घासली.

आता दर वर्षी नवीन मुलंमुली येतात आणि त्यांना मशीन शिकवायचं काम माझ्याकडे असतं. काय चुकू शकतं ते दाखवायला एक तास ठेवलेला आहे. केसाचं, कातडीचं, लोकरीचं प्रथिन पडलेलं दाखवते, आणि मग तो नमुना उघडते. त्याच्याइतकं चांगलं उदाहरण आमच्याकडे दुसरं नाही. वारा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, दोन्ही एकाच चित्रात दिसतं. मुलं खुर्च्या पुढे सरकवून बघतात, वहीत उतरवून घेतात. मागच्या खेपेला एक मुलगी हसून म्हणाली, "पण ताई, जंतुविरहित बाटली कोण धुतं?"

"खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही," मी म्हटलं. "म्हणून जास्त घेतात."

तिने तेही लिहून घेतलं.

आता आम्ही वाटतो त्या बाटल्यांना वरून प्लास्टिकचं घट्ट वेष्टन असतं आणि त्यावर मोठ्या अक्षरात मराठीत सूचना असते. ते मीच मॅडमना सुचवलं. तरी एखादी शिडी दिसतेच कधी कधी. दिसली की मी जरा थांबते.

काकूचा अधूनमधून फोन येतो. तिचं अजून गोळ्यांवर चाललं आहे. बाबा जेवतात का, किती वाजता घरी येतात, दारासमोर सडा कोण टाकतं, हे सगळं ती सांगते, कारण बाबा ते मला सांगत नाहीत. परवा बोलता बोलता तिने विचारलं, "पोरी, ते बाटल्यायचं काय झालं वं? माही चालली का?"

"चालली काकू."

"अन् तुह्या आईची?"

मी जिन्यात उभी होते. खालून कुणीतरी वर येत होतं, मी भिंतीकडे सरकले.

"आईची रोजच्या कामाला लागली," मी म्हटलं. "नवीन पोरांना तिच्यावरच शिकवतो."

काकूने नाक ओढलं.

"चालनारच," ती म्हणाली. "किती घासली होती तिनं. मी म्हटलं बी, पुरे कर वं बाई, झिजन ते. ऐकते का? चांगली घासून देल्ली होती, म्हनून कामी आली."

"हाव काकू," मी म्हटलं. "म्हनूनच."